पऱ्हाटीच्या काडीचं माप

थंडी पडली की समुद्रपूरच्या बसस्टँडमागून लोखंडाचा आवाज यायला लागतो. ठण्ण. मग थोडी शांतता. मग कुणाचं तरी हसणं, एखादी शिवी, आणि पुन्हा ठण्ण. हिंगणघाटची गाडी फलाटाला लागलेली असते, कंडक्टर दार आपटत ओरडत असतो, आणि त्या सगळ्या गोंगाटातून हा आवाज वेगळा कळतो. यंदाही कळला. मी पिशवी खांद्याला लावून गाडीतून उतरत होते, आणि पायरीवरच थांबले. मागचा माणूस म्हणाला, "उतरा ना व बाई, का इथंच घर बांधता?"

जाम चौरस्त्यापासून इकडं येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बाभळींना कापूस चिकटलेला होता. गाड्या भरभरून जातात आणि काटे आपला वाटा काढून घेतात. तुरी शेंगांवर आलेल्या होत्या. सकाळचं ऊन अजून अंगाला लागत नव्हतं, नुसतं दिसत होतं. नालखुंटीचा हंगाम तो हाच. पावसात माती चिकट होते, उन्हाळ्यात तडकते. मधल्या या चार थंड महिन्यांतच आमची काळी माती माणसासारखी वागते, असं इथले जुने टांगेवाले दौलत आबाजी म्हणतात.

नालखुंटी म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या तालुक्याबाहेर हा खेळ कुणाला माहीत असल्याचं मला आढळलेलं नाही. जमिनीत एक लोखंडी खुंटी. तिच्याभोवती कालवलेल्या काळ्या मातीचा चौकोन. लांबवर एक रेषा. रेषेवर उभं राहून घोड्याचा झिजलेला नाल फेकायचा. खुंटीच्या जास्त जवळ ज्याचा पडेल त्याचा डाव. नाल खुंटीला बरोबर गळ्यात पडला तर ती 'माळ', आणि माळ पडली की मोजायचं कामच उरत नाही. नाहीतर मोजायचं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाच्या काडीनं. खुंटीपासून नालाच्या कडेपर्यंत काडी लावायची, तिथं मोडायची, आणि तोच तुकडा दुसऱ्या नालाला लावून बघायचा.

आणि आता तो नियम, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. माप विरोधकानं घ्यायचं. ज्याला हरवायचं आहे त्यानंच. शेवटचा नाल ज्यानं फेकला त्यानं तेवढा वेळ खुंटीकडं पाठ करून उभं राहायचं. विरोधक सांगेल ते ऐकायचं.

लहानपणी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाटलं, यात नक्की काहीतरी लबाडी आहे.

मला तसं वाटणं स्वाभाविक होतं. आमच्या घरात खाटेखाली पेटी नव्हती, पत्रकं होती. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पगार झाला की वर्ध्याला जाऊन छापून आणायचे. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, अंगात आणणाऱ्यांविरुद्ध, स्वस्त धान्याच्या दुकानातल्या काट्याविरुद्ध. गुलाबी, पिवळा, पोपटी कागद. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. शाळेत माझी पोळी पत्रकात बांधलेली असायची आणि मैत्रिणी विचारायच्या, "आज कायच्या विरोधात हाय व तुहा डबा?"

बाबांच्या प्रत्येक पत्रकात एक प्रश्न ठरलेला असायचा, जाड टायपात: 'काऊन?' छापखान्याचा मालक म्हणायचा, मास्तर, शुद्ध लिहा, 'का' म्हणा. बाबा म्हणायचे, "ज्यायले विचारतो त्यायले समजलं पायजे." पाणी दोन दिवसांआड, काऊन? धर्माच्या नावानं वर्गणी, काऊन? घरातही तोच प्रश्न. शेजारच्या काकूंनी वाटीभर खीर आणून दिली तरी मी वाटीकडं बघत मनात विचारायची. आजही एखादा माणूस जास्त हसून बोलला की माझ्या डोक्यात पोपटी कागदावर शाई उमटायला लागते.

दौलत आबाजींची आणि आमची ओळख झाली तीसुद्धा संशयातूनच. तेव्हा बसस्टँडमागं टांग्यांचा अड्डा जवळजवळ संपलेला होता. ऑटो आले होते. एकदोन घोडे उरले होते, तेही लग्नात नवरदेव बसवण्यापुरते. बाबांना कुणीतरी सांगितलं, की अड्ड्यावर एक म्हातारा ढिगानं नाल गोळा करतो. बाबांनी लगेच ताडलं: काळ्या घोड्याचे नाल, शनीची पीडा, दाराच्या चौकटी, खिळे, दक्षिणा. मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि अंधश्रद्धेचं पिवळं पत्रक घेऊन निघाले.

म्हातारा खरंच ढिगाशेजारी बसला होता. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला मफलर, पाय गुडघ्यापर्यंत मातीनं काळे. बाबांनी पत्रक पुढं केलं. त्यानं ते हातावर धरून, ओठ हलवत, सावकाश पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. आमच्या आयुष्यात पत्रक पूर्ण वाचणारा माणूस आम्ही क्वचितच बघितला होता. बाबा अस्वस्थ झाले.

"मास्तर," म्हातारा म्हणाला, "यात लिवलं हाय का नाल दाराले ठोकू नोका."

"हो."

"बरोबर हाय. पण फेकू नोका असं त नाई ना लिवलं?"

बाबा काही बोलायच्या आत त्यानं एक नाल त्यांच्या हातात दिला. बाबांनी फेकला. तो खुंटीपासून इतका लांब गेला की पलीकडच्या पानठेल्यावरचा माणूस पाय वर घेऊन ओरडला. दौलत आबाजी खो खो हसले. "मास्तर, पत्रकं चांगली वाटता तुमी. हात मात्र कच्चा हाय."

त्या हिवाळ्यापासून बाबा रोज शाळा सुटल्यावर माकडटोपी घालून तिथं जायला लागले. आई म्हणायची, एका व्यसनाच्या विरोधात पत्रक काढून दुसरं लावून घेतलं.

आबाजींविषयी लोक मोठ्या आदरानं बोलायला लागलेत अलीकडं, त्यात त्यांचा खरा स्वभाव हरवतो. ते साधेभोळे वगैरे नव्हते, नाहीत. स्वतःच्या फेकीचा त्यांना भलता गर्व. माळ पडली की अख्ख्या बसस्टँडला ऐकू जाईल असं ओरडायचे, फलाटावरच्या अनोळखी प्रवाशाला हाताला धरून आणून दाखवायचे. हरले की मातीला शिव्या. पण त्यांनी या खेळासाठी जे केलं ते मी बघितलेलं आहे. टांगे गेले तसे खेळणारेही गेले, ऑटो चालवायला लागले, कुणी नागपूरला गेले. एखाद्या हिवाळ्यात तर त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. तरी दिवाळी झाली की ते चौकोन खणायचे, ढेकळं फोडायचे, पाणी आणि गव्हाचं बारीक भुसकट घालून पायांनी माती तुडवायचे. फार ओली झाली तर नाल गिळते, कोरडी राहिली तर उडवून लावते. मग डावा हात कमरेवर ठेवून एकटेच फेकत राहायचे. एकटे दिसले की कोणीतरी येतंच, हे त्यांचं धोरण. ड्रायव्हर यायचे, कंडक्टर यायचे, गाडी चुकलेले यायचे. टांगे पूर्ण बंद पडल्यावर ते लग्नाच्या घोडीवाल्यांच्या मागं लागून झिजके नाल मागायचे. लोहाराकडून त्याच वजनाचे नवे करून घेतले, पोरांसाठी हलके वेगळे. थैली खांद्यावर टाकून आष्टीच्या बाजारापर्यंत जाऊन आले, तिथं खुंटी ठोकून दाखवली. कंडक्टर विचारायचा, "आबाजी, हे सामान हाय का हत्यार?" ते म्हणायचे, "तिकीट मागशीन त हत्यार, नाई त सामान."

मुली खेळायला लागल्या त्याही त्यांच्यामुळंच. माझी धाकटी बहीण वैशाली शाळेच्या गणवेशात रेषेवर जाऊन उभी राहिली तेव्हा पानठेल्यावरून कोणीतरी काहीतरी बोललं. आबाजी तिकडं वळले. "तू ये गा फेकाले. हिच्यासंग. हारला त पान फुकट चारजो सगळ्यायले." तो आला नाही. वैशाली राहिली.

पण मला सांगायचं होतं ते पाठ फिरवण्याविषयी.

हा नियम कुणी शहाण्यानं बसून केलेला नाही. टांगेवाले खेळायचे ते गाडीची वाट बघत. बस आली की सवारी पकडायला धावावं लागे. म्हणून ज्याची फेक झाली तो तोंड फलाटाकडं करून उभा राही, आणि माप दुसरा घेई. नुसती सोय. पण वर्षानुवर्षं असं एकमेकांकडं पाठ करून उभं राहिल्यावर त्या सोयीचं काहीतरी दुसरंच होऊन गेलं.

आबाजींचे जन्माचे विरोधक बशीरचाचा. दोघांचे टांगे शेजारी शेजारी. दोघं भांडायचे ते सवारीवरून, चाऱ्यावरून, सावलीच्या जागेवरून, कुणाचा घोडा आधी मुतला यावरूनसुद्धा. एकदा कशावरून तरी त्यांनी बोलणंच टाकलं. खेळ मात्र चालू. बशीरचाचा खुंटीपाशी बसून काडी लावायचे, मोडायचे, आणि निकाल आबाजींना न सांगता त्यांच्या घोड्याला सांगायचे: "सुन रे, तेरे मालिक को बोल, उसका नजदीक गिरा." आबाजी फलाटाकडं तोंड करून घोड्याला म्हणायचे, "त्याले सांग, ऐकू आलं." असं कित्येक दिवस. रागाच्या त्या दिवसांतही मापावरून एक शब्द झाला नाही.

मी मोठी होत होते, कॉलेजात गेले, मोर्चात गेले, स्वतः पत्रकं लिहायला लागले, आणि आबाजींशी यावरून वाद घालायचे. म्हणायचे, असल्या विश्वासावर जग चालत नाही. ज्याच्या हातात माप असतं तोच मारतो. आमच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या हातातलं माप बघितलंय. आबाजींना हे सांगायची गरज नव्हती. ते आमच्याच वस्तीतले, आमच्याच विहारात येणारे. ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर बोलून राह्यली तू. आता फेक."

मी फेकायचे. पाठ फिरवायचे. आणि मान वळायचीच. प्रत्येक वेळी. "वळली, वळली!" पोट्टे ओरडायचे, आणि नियमाप्रमाणं माझा डाव जायचा. वैशाली माझ्याहून किती चांगली खेळायची ते सोडा, मी तर हरायचे मान वळल्यामुळंच.

बशीरचाचा गेले ते मागच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी. आणि मागच्याच हिवाळ्यात पांढरी गाडी आली.

गाडीतून उतरले ते एका संघटनेचे सचिव. संघटनेचं नाव लिहीत नाही. माझ्याकडं पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय नाव छापायचं नाही हे बाबांनीच शिकवलेलं. सचिव साहेब चाळिशीचे, बोलायला गोड. आल्या आल्या चिखलात उभ्या असलेल्या आबाजींच्या पायांना हात लावला. बोटं काळी झाली ती रुमालाला पुसली. मी ते बघितलं, आणि पोपटी कागदावर शाई उमटली: काऊन?

"आबाजी, तुम्ही हा खेळ जिवंत ठेवलात," ते म्हणाले. "आम्ही तो राज्यभर नेणार. स्पर्धा, गणवेश, प्रमाणपत्रं. पोरांना सरकारी नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागांसाठी अर्ज करता येईल."

वैशालीनं हातातला नाल खाली ठेवला.

ती तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे जाम रस्त्याला धावायची, दुपारी पुस्तकं, संध्याकाळी नाल. आमच्या भागात पहाटे जिकडं तिकडं भरतीची तयारी करणारी मुलं धावताना दिसतात. एवढी मुलं, एवढ्याशा जागा. त्यात खेळाडूचा कागद हातात असणं म्हणजे काय, हे मी कुठल्याही पत्रकात नीट लिहू शकले नसते. ते वैशालीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"फक्त एक बदल," सचिव म्हणाले. "माप पंच घेईल."

"काऊन?" आबाजींनी विचारलं. हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं.

"वाद नकोत म्हणून."

"वाद त कधी झालाच नाई."

"आता होतील ना, आबाजी. मोठ्या स्पर्धा झाल्या की."

ठरलं असं, की बसस्टँडमागच्या त्याच जागेवर आबाजींचा सत्कार करायचा. मानाचा एक सामना खेळायचा, सचिव विरुद्ध आबाजी, जुन्या पद्धतीनं, शेवटचा. आणि मग आबाजींनी त्यांच्या घोड्याच्या नालांची पहिली जोडी सचिवांच्या हाती देऊन जाहीर करायचं, की नालखुंटी आता संघटनेची.

मी आबाजींच्या घरी गेले. म्हटलं, जो खेळ कुणाला माहीत नाही, ज्याचे खेळाडू कुणी ओळखत नाही, त्याचीच प्रमाणपत्रं विकायला सोपी. मला एकजण भेटला होता, त्याच्याकडं कसल्याशा खेळाचा कागद होता, आणि तो खेळ उभ्यानं खेळतात का बसून हे त्याला सांगता येत नव्हतं. यांना तुमचा खेळ नको आहे, आबाजी. तुमचा चेहरा पाहिजे आहे. बॅनरवर.

आबाजी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "तुहा बाप पिवळा कागद घेऊन आलता, तवा तोय असाच पाहे माह्याकडं," ते म्हणाले.

"म्हणजे माझं चुकतंय?"

"मी कुठी म्हनलं? तुह्या बापानं पाह्यलं ते बरोबरच पाह्यलं. पन त्यानं मंग नाल हातात घेतला. मी याच्यासंग खेळून पाह्यतो. मंग सांगतो."

"आणि तोवर?"

"तोवर शेंगा खाय."

मला वाटलं म्हातारा भुलला. बॅनर लागले होते, त्यावर आबाजींचा मफलरवाला फोटो, आणि ते दिवसातून दोनदा त्याच्याखालून चालत जात होते. नवा पायजमा इस्त्रीला दिला होता.

सत्काराच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मंडप, खुर्च्या, माईकवर सारखं कोणीतरी हॅलो हॅलो. कापसाच्या गाड्या रस्त्यावर थांबवून लोक बघत होते. वैशालीनं पहाटेपासून माती तुडवून ठेवली होती. इतकी छान माती मी त्याआधी बघितली नव्हती. गुळगुळीत, काळी, एकही ढेकूळ नाही. वैशाली चौकोनाच्या कडेला उभी होती आणि तिचे पाय अजून ओले होते.

आधी सचिवांनी फेकला. आता नवशिक्याचं नशीब म्हणा, किंवा त्या मातीचं म्हणा, नाल खुंटीला जाऊन टेकला. माळ नव्हे, पण खुंटीला अंग लावून उभा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग आबाजींनी फेकला. चांगला पडला, पण वीतभर अलीकडं. आबाजींनी तोंड वाकडं केलं आणि नियमाप्रमाणं पाठ फिरवली. समोर फलाट. हात मागं बांधलेले.

आता माप सचिवांच्या हातात. मी डोळे ताणून बघत होते. मला तो आता लबाडी करताना सापडणार होता, आणि सापडावा अशी माझी इच्छा होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण लबाडी करायची त्याला गरज कुठं होती? तो जिंकलेलाच होता. काडी लावायचंही काम नव्हतं.

सचिव खुंटीपाशी गेले. बसले नाहीत. हसले, मंडपाकडं बघून डोळे मिचकावले, आणि बुटाच्या टोकानं स्वतःचा नाल हळूच लांब सरकवला. मग माईक मागून घेतला. "आबाजींचा नाल जवळ! आजही आबाजीच अजिंक्य!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय मोठ्या मनाचा माणूस. पाहुणा मुद्दाम हरला, म्हाताऱ्याचा मान ठेवला. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी, जन्मभर खिरीच्या वाटीवर संशय घेणारी मी, टाळ्या वाजवत होते. त्या क्षणी मला तो माणूस आवडून गेला होता.

आबाजी वळले. आपलीच नजर चुकली असावी असं मानून हसत हसत खुंटीपाशी आले, आणि थांबले. मातीत ठसा होता. खुंटीच्या बुडाशी नालाची अर्धी चंद्रकोर, स्वच्छ, आणि तिथून निघालेला एक ओरखडा, आणि ओरखड्याशेजारी बुटाचं टोक. वैशालीनं माती इतकी चांगली मळली होती की मातीनं काहीच लपवलं नाही.

"साहेब," आबाजी म्हणाले, "तुमी जितले होते."

सचिव हसले. "अहो आबाजी, मानाचा सामना. तुम्हाला हरवून आम्ही कुठं जाणार?"

"मानाचा नाई. मापाचा हाय."

"छोटीशी गोष्ट आहे..."

"बशीर माह्याशी बोलत नोता," आबाजी म्हणाले. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू जात होतं. "लय दिवस बोलत नोता. तरी त्यानं मले खोटं जितवलं नाई अन् खोटं हारवलं नाई. तुमी आज मले खोटं देऊन राह्यले. उद्या आनखी कोनाले द्यान. मले नाई ठाव कोनाले. पन द्यान."

सत्कारात अंगावर घातलेली शाल त्यांनी काढली नाही. थंडी होती, आणि शाल चांगली होती. फक्त नालांची ती पहिली जोडी, जी हार घातलेल्या टेबलावर ठेवली होती, ती उचलली, हार बाजूला केला, आणि थैलीत टाकली. थैलीतून आवाज आला. मग ते घरी गेले.

मंडपातल्या खुर्च्या गोळा होईपर्यंत गावात तीन गोष्टी तयार झाल्या होत्या. एक, म्हाताऱ्याला जास्त पाहिजे होतं. दोन, मास्तरच्या मोठ्या पोरीनं त्याला भडकवलं. तीन, सचिव देवमाणूस होता आणि समुद्रपूरनं घालवला. तिन्हींवर लोकांनी विश्वास ठेवला. आबाजी जे बोलले ते मात्र कुणाला नीट समजलं नाही. खोटं बोलून कुणी आपल्याला फसवलं तर राग येतो. खोटं बोलून कुणी आपल्याला जिंकवलं तर त्याचं काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. आमच्या पत्रकांतही ते नव्हतं. आम्ही नेहमी घेणाऱ्या हाताकडं बघत आलो. देणाऱ्या हाताकडं बघता बघता मी मात्र टाळ्या वाजवून बसले.

घरी वैशाली पाय धूत होती. काळं पाणी मोरीतून जात होतं.

"ताई, तू खुश हायेस ना?"

"तसं नाही, वैशू."

"तुह्या पत्रकाले मजकूर भेटला. आबाजीले मान भेटला, शालबी भेटली. मले काय भेटलं?" तिनं तांब्या आपटला. "त्यायचं खरं असन. मी कुठी नाई म्हणते? पण खरं त्यायचं अन् नोकरी माही, हे कसं? त्यायनं नाल परत थैलीत टाकाच्या आंधी मले इचारलं का?"

मी तांब्या उचलून जागेवर ठेवला. बाबांनी त्या संघटनेविषयी पत्रक काढायचं ठरवलं, मजकूर लिहिला, आणि पुरावा नाही म्हणून फाडला. संघटना दुसरीकडं गेली. तिथं म्हणे वाळूचा चौकोन आहे, पंच आहेत, प्रमाणपत्रं निघाली. ती कुणाला निघाली, ते फेकतात का, मला ठाऊक नाही. शोधते आहे. सापडलं तर जाड टायपात छापीन. नाही सापडलं तर माझा संशय माझ्यापाशी राहील, आणि त्याचं ओझं मीच वाहीन. संशय खरा ठरेपर्यंत तो फक्त एक सवय असतो, हे मागच्या हिवाळ्यानंतर मला जड जात असलं तरी कळायला लागलं आहे.

वैशाली उरलेला हंगामभर तिकडं फिरकली नाही. आबाजी रस्त्यात दिसले की रस्ता बदलायची. भरतीत धावण्यात ती पास झाली, लेखीत थोडक्यात राहिली. तो कागद असता तर काय झालं असतं, याचा हिशोब ती कुणाला बोलून दाखवत नाही. तेच जास्त वाईट.

तर यंदा मी बसच्या पायरीवर तो आवाज ऐकला. ठण्ण. पिशवीसकट बसस्टँडच्या मागं गेले. आबाजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, अंगावर तीच शाल. एका डोळ्यावर आता पडदा आला आहे, गुडघे गेले आहेत. यंदा माती तुडवणं त्यांना जमणारच नव्हतं. पण चौकोन तयार होता. गुळगुळीत, काळा, एकही ढेकूळ नाही. आणि पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून वैशाली तिथं उभी होती.

मी तिच्याकडं बघितलं. मग आबाजींकडं.

"मले इचारू नोको," आबाजी म्हणाले. "मी बलावलं नाई. सकाळी आली, खुर्चीतून उठू नोका म्हने, अन् माती तुडवाले लागली. बोलली त अजूनई नाई माह्याशी."

"मग समजलं कसं उठायचं नाही म्हणून?"

"त्या कुत्र्याले सांगितलं तिनं." खुर्चीखाली एक कुत्रं झोपलं होतं.

वैशालीच्या ओठांचा कोपरा हलला. ती म्हणाली, "ताई, खेळतं का?"

आधी तिनं फेकला. मग मी. माझा कसा पडला ते नीट दिसलं नाही, कारण हातातून नाल सुटताच मी पाठ फिरवली. समोर फलाट. वर्ध्याची गाडी लागत होती, एक बाई पोराला खांद्यावर टाकून पळत होती. मागं ओल्या मातीत वैशालीची पावलं. मला तिचा सगळा राग आठवत होता. आबाजींवरचा, आणि माझ्यावरचाही. तिच्या हातात काडी होती. मान वळायला बघत होती. मानेच्या शिरा मला तशा आजवर कधी जाणवल्या नव्हत्या.

काडी मोडल्याचा आवाज आला.

"तुहा हाय, ताई," ती म्हणाली.

गाडीनं हॉर्न दिला. आणि पुन्हा एक काडी मोडल्याचा आवाज.

"थांब. नाई. पह्यली काडी वाकडी होती. माहा हाय. बोटभर."

आबाजी खुर्चीतून ओरडले, "काय गा कुत्र्या, कोनाचा म्हनते?"

"माहा, आबाजी," वैशाली म्हणाली. थेट त्यांना.

फलाटावरची गाडी सुटत होती. मी मान न वळवता गाडीकडंच बघत उभी होते, आणि तोंडात तो शब्द आला होता, घरातला, खाटेखालचा, जाड टायपातला. मी तो गिळला.

"बरं," मी म्हटलं.